विचार उभ्यानं करावा

पूलच्या टेबलावर कुठलाही बॉल तुमच्यावर चालून येत नाही. क्रिकेटमध्ये ताशी १४० किलोमीटर वेगानं टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर फलंदाजापर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद घेतो. तेवढ्यात घाबरायलासुद्धा सवड नसते. जे होतं ते हातापायांच्या सवयीनं होतं. पूलमध्ये पांढरा बॉल जिथे थांबला तिथेच असतो, समोरचा बॉलही जागचा हलत नाही आणि पॉकेट तर हलणारच नाही. फटका कधी मारायचा हे सर्वस्वी खेळणाऱ्याच्या हातात. वरवर पाहता ही मोठीच सोय आहे. पण या खेळात मुरलेल्या कुणालाही विचारा, खेळाचा सगळा जाच याच सोयीतून सुरू होतो. हात मोकळे आणि वेळ मोकळा असला की डोकं कामाला लागतं, आणि नको त्या कामाला लागतं.

हा जाच एवढा महागात का पडतो हे समजायला थोडी भूमिती बघावी लागेल. स्पर्धेच्या नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असते. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७ मिलिमीटरच्या किंचित वर. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेचार इंच, बॉलच्या दुप्पट. ऐकायला ऐसपैस वाटतं. आता असं धरा की समोरचा बॉल पांढऱ्यापासून एक मीटर लांब आहे, तिथून पॉकेट आणखी एक मीटर, आणि सगळं एका सरळ रेषेत. पांढऱ्याची दिशा अंशाच्या फक्त एक दशांशानं चुकली, तर समोरच्या बॉलपाशी पोचेपर्यंत तो पावणेदोन मिलिमीटर बाजूला सरकलेला असतो. पण गोल वस्तू गोल वस्तूवर आदळली की चूक तेवढीच राहत नाही, या अंतरावर ती जवळजवळ सतरापट होते. समोरचा बॉल पावणेदोन अंश तिरका निघतो आणि पॉकेटपर्यंत जाता जाता ३० मिलिमीटरनं हुकतो. पॉकेटच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सूट असते ती साधारण २८ मिलिमीटरची. म्हणजे एक दशांश अंशाची चूक झाली की बॉल जबड्यावर.

क्यूचं टोक बॉलला टेकलेलं असतं ते सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागाएवढंच. त्या वेळात काहीही सुधारता येत नाही. आणि एक दशांश अंश ही काही मुद्दाम ठरवून पाळता येणारी गोष्ट नव्हे. ‘आता हात इतका न्यायचा’ असं स्वतःला सांगून कुणीही एवढ्या बारकाईनं हात नेऊ शकत नाही. ती अचूकता हजारो फटक्यांच्या सरावातून शरीरात मुरलेली असते. खेळाडूचं काम एवढंच की तिला तिचं काम करू द्यायचं. नेमकं तेच ऐन वेळी जमत नाही.

पुण्या-मुंबईकडच्या कुठल्याही पार्लरमध्ये संध्याकाळी तासभर बसलं की हे हमखास बघायला मिळतं. एट-बॉलचा डाव. एका पोराचे सातही बॉल गेलेत, उरलाय फक्त काळा. काळा कोपऱ्याच्या पॉकेटपासून वीतभर लांब, त्याच्यामागे हातभर अंतरावर पांढरा, किंचित कोनात. दहा मिनिटांपूर्वी याच पोरानं याच्या दुप्पट अवघड बॉल मित्राशी बोलता बोलता घातला होता. आता तो चॉक दोनदा लावतो. वाकतो. एरवी क्यू तीन-चारदा पुढे-मागे करून मारणारा, आता आठ-दहा वेळा हलवत राहतो. नजर पांढऱ्याकडे, मग काळ्याकडे, मग पॉकेटकडे, पुन्हा पांढऱ्याकडे. मागच्या हाताची मूठ आवळत गेलेली, अंगठ्याचं पेर पांढरं पडलेलं. काळ्यामागोमाग पांढराही आत गेला तर जिंकलेला डाव हातचा जाईल, हे त्याला आठवतं, आणि मग फटका जरा हळू मारायचा असं तो ठरवतो. तेही क्यू मागे नेऊन झाल्यावर. क्यू पुढे येताना मधेच अडखळतो. खांदा उचलला जातो, आणि बॉल कुठे जातोय हे बघायला डोकं फटक्याच्या आधीच वर येतं. काळा पॉकेटच्या दोन्ही जबड्यांवर टकटक करतो आणि तोंडाशी येऊन थांबतो.

जवळ उभा असलेला जाणकार लगेच सांगतो की मूठ आवळलीस, डोकं उचललंस. दोन्ही खरं आहे. मूठ आवळली की मनगट वळतं आणि क्यूचं टोक बाजूला जातं. फटक्याचा वेग मधेच तोडला की क्यू सरळ रेषेत राहत नाही. डोकं उठलं की खांद्याची बैठक मोडते. पण या पोराचं तंत्र दहा मिनिटांत बिघडलं असं कसं म्हणायचं? दहा मिनिटांपूर्वी मूठ सैल होती आणि डोकं खाली होतं. बदललं काय, तर बॉलची किंमत. आणि किंमत वाढली म्हणून त्यानं आपल्या हाताचा कारभार स्वतःकडे घेतला.

या ‘कारभार स्वतःकडे घेण्या’वर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. सुरुवातीला माणूस प्रत्येक हालचाल विचार करून करतो, मग चुका कमी होत जातात, आणि शेवटी हालचाल आपोआप होऊ लागते. शेवटच्या टप्प्यावर पोचलेल्याला ती हालचाल नेमकी कशी होते हे शब्दांत सांगता येईलच असं नाही, आणि सांगायची गरजही नसते. दडपण आलं की हा माणूस उलटा प्रवास करून पहिल्या टप्प्यावर येतो. बँकेत सही जुळत नाही म्हणून परत करायला सांगितली की आपलं जे होतं तेच. वीस वर्षं न बघता केलेली सही आपण सावकाश, अक्षर अक्षर जपून करायला जातो आणि ती आणखीच वेगळी येते.

सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ सालचा फुटबॉलवरचा प्रयोग मला या बाबतीत फार बोलका वाटतो. अनुभवी आणि नवख्या खेळाडूंना खुणांच्या मधून नागमोडी चेंडू न्यायला सांगितलं. एका फेरीत त्यांनी आपल्या पायाची कुठली बाजू चेंडूला लागते आहे याकडे लक्ष द्यायचं होतं. दुसऱ्या फेरीत कानावर पडणाऱ्या शब्दांतला ठरावीक शब्द ओळखायचा होता, म्हणजे पायाकडे लक्ष जाणारच नाही अशी व्यवस्था. अनुभवी खेळाडू पायाकडे लक्ष देताना मंदावले आणि शब्द ऐकताना सुरळीत खेळले. नवख्यांचं उलट झालं. पण खरी गंमत पुढे आहे. अनुभवी खेळाडूंना त्यांच्या डाव्या, कमी सवयीच्या पायानं खेळायला लावलं तेव्हा पायाकडे लक्ष देणं त्यांनाही फायद्याचं ठरलं. माणूस तोच, डोकं तेच. कौशल्य ज्या पायात मुरलं होतं त्या पायाला विचार नडला आणि ज्यात मुरलं नव्हतं त्याला उपयोगी पडला. म्हणून ‘विचार करू नकोस’ असा सरसकट सल्ला देणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. नुकताच क्यू हातात धरलेल्या मुलीला क्यू टेकवायला पुढच्या हाताचा ब्रिज कसा करायचा, कोपर कुठे ठेवायचं याचा विचार केलाच पाहिजे. तिला ‘फक्त मनापासून मार’ असं सांगणं म्हणजे तिचं शिकणंच लांबवणं.

गोल्फमधल्या पटिंगवर झालेले प्रयोग पूलच्या आणखी जवळचे आहेत, कारण तिथेही चेंडू स्थिर असतो, फटका छोटा असतो आणि लक्ष्य म्हणजे एक भोक. क्रिस्टिन फ्लेगल आणि मायकेल अँडरसन यांनी २००८ मध्ये एक साधी गोष्ट करून पाहिली. खेळाडूंना आधी पटिंग करायला लावलं. मग काहींना, आपण ते कसं केलं याचं पाच मिनिटं सविस्तर वर्णन करायला सांगितलं आणि बाकीच्यांना दुसऱ्याच कामात गुंतवलं. मग पुन्हा पटिंग. वर्णन केलेल्या कसलेल्या खेळाडूंना आधीची अचूकता गाठायला, वर्णन न केलेल्या कसलेल्यांच्या जवळपास दुप्पट प्रयत्न लागले. नवख्यांना वर्णनानं फारसा अपाय झाला नाही. पार्लरमधल्या बेरकी खेळाडूंना हे प्रयोगशाळेच्या आधीपासून ठाऊक आहे. समोरचा रंगात आला की ते आपुलकीनं विचारतात, “आज तुझं कोपर काय मस्त चाललंय, काही बदललंस का?” बिचारा पुढच्या फटक्याला कोपराकडे बघतो. मला हा प्रकार फाऊलइतकाच वाईट वाटतो, पण नियमांच्या पुस्तकात तो पकडता येत नाही.

कोपराचा विचार हा एक प्रकार झाला. दुसरा जास्त चोरटा असतो, कारण तो सावधपणाच्या वेषात येतो. ‘पांढरा आत जाऊ द्यायचा नाही.’ ‘कट जास्त पातळ घ्यायचा नाही.’ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पटिंग करणाऱ्यांना बजावलं की चेंडू खुणेच्या पलीकडे जाऊ द्यायचा नाही. त्यातल्या ज्यांना त्याच वेळी सहा आकडी संख्या लक्षात ठेवायला दिली होती, त्यांचे चेंडू नेमके पलीकडे जाऊ लागले. वेग्नर यांचं म्हणणं असं की एखादी गोष्ट टाळायची तर मनाचा एक कोपरा तिच्यावर सतत पहारा ठेवतो, आणि पहारा ठेवायचा म्हणजे ती गोष्ट मनात जागती ठेवावी लागते. डोकं मोकळं असेपर्यंत हे निभावतं. डोक्यावर आणखी ओझं पडलं की पहाऱ्यातलीच गोष्ट हाताकडून होऊन जाते. डावाच्या शेवटी ओझं असतंच. म्हणून पांढरा कुठे जाऊ नये हे ठरवण्यापेक्षा तो कुठे थांबावा हे ठरवणं कधीही चांगलं: लांब कुशनच्या मधल्या डायमंडच्या, म्हणजे कडेवरच्या खुणेच्या, अलीकडे, हातभर.

तिसरा विचार निकालाचा. तो कुणालाच चुकलेला नाही. पूलचा भाऊबंद असलेल्या स्नूकरमध्ये १९८५ ची जागतिक स्पर्धेची अंतिम लढत यासाठी अजून सांगितली जाते. शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरात स्टीव्ह डेव्हिस डेनिस टेलरविरुद्ध ८-० असा पुढे होता. तिथून सामना १७-१७ वर आला. शेवटची फ्रेम ६८ मिनिटं चालली आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर सगळा खेळ एका काळ्या बॉलवर येऊन ठेपला. बीबीसीवर एक कोटी ८५ लाख लोक जागे राहून बघत होते. दोघांनीही त्या काळ्यावर प्रयत्न केले आणि चुकवले. डेव्हिसला शेवटी मिळालेला कट पातळ होता, पण त्याच्या दर्जाच्या खेळाडूच्या आवाक्यातला होता. त्यानं तो जास्तच पातळ घेतला. काळा टेलरनं घातला आणि संपूर्ण सामन्यात तो पहिल्यांदाच पुढे गेला, तोही अखेरच्या बॉलवर. नऊ वर्षांनी त्याच थिएटरात जिमी व्हाइट स्टीफन हेंड्रीविरुद्ध १७-१७ असताना विजयाच्या वाटेवर होता आणि आपल्या जागेवर ठेवलेला काळा त्यानं चुकवला. हेंड्रीनं ५८ गुण करून सामना नेला. व्हाइटची ती सहावी अंतिम फेरी होती आणि सहावी हार.

त्या क्षणी या दोघांच्या मनात काय होतं हे बाहेरून ठरवणं धाडसाचं आहे आणि मी ते करणार नाही. दिसतं ते एवढंच की सरावात हजारदा गेलेला बॉल त्या दिवशी गेला नाही. आणि ज्यांना यावरून ‘डेव्हिस दडपणाखाली मोडतो’ असं म्हणायचं आहे, त्यांनी पूलकडे यावं. २००२ च्या मॉस्कोनी कपमध्ये, युरोप आणि अमेरिका यांच्या सांघिक लढतीत, युरोपला कप मिळवून देणारा सामना अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध जिंकणारा माणूस हाच स्टीव्ह डेव्हिस. दडपणाखाली मोडणं हा स्वभावाचा शिक्का नाही. लक्ष कुठे गेलं, त्याचा तो परिणाम आहे.

नुसतं दडपण बॉल चुकवत नाही, याचा एक पुरावा तर थेट पूलच्याच टेबलावरचा आहे. १९८२ मध्ये जेम्स मायकेल्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या क्लबात पूल खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना आधी नकळत न्याहाळलं. चांगले खेळणाऱ्यांचे ७१ टक्के फटके यशस्वी होत होते, कच्च्या खेळाडूंचे ३६ टक्के. मग चार जण टेबलाजवळ जाऊन बघत उभे राहिले. चांगल्यांचं प्रमाण ८० टक्क्यांवर गेलं, कच्च्यांचं २५ वर घसरलं. निरीक्षण लहान होतं, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण बघणारे आले म्हणून चांगले खेळाडू ढासळले नाहीत, उलट खुलले, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या चौघांसमोर हरण्यासारखं काही नव्हतं. अंगात आलेली तरतरी सगळी खेळात उतरली, हात तपासण्यात खर्च झाली नाही.

मग उपाय काय, भरभर खेळायचं? अनेकांना तसं वाटतं, आणि त्यांच्या बाजूनं बोलायला स्नूकरमधला रॉनी ओसलिव्हन आहे. १९९७ मध्ये त्यानं एकाच पाळीत १४७ गुणांचा कमाल ब्रेक पाच मिनिटं आठ सेकंदांत पूर्ण केला. ३६ बॉल, म्हणजे एकाला नऊ सेकंदसुद्धा नाहीत. पूलमध्ये विली मॉस्कोनीनं १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफिल्ड इथे आठ फुटी टेबलावर सलग ५२६ बॉल घातले, ते सुमारे सव्वादोन तासांत. बॉल पुन्हा लावण्याचा वेळ धरूनही एकाला पंधरा सेकंदांच्या आसपास. तो आकडा मोडायला २०१९ साल उजाडावं लागलं, आणि तोही नऊ फुटी टेबलावर मोडला गेला. बायलॉक यांच्याच एका प्रयोगात कसलेल्या गोल्फपटूंना घाईनं पट करायला लावलं तर ते जास्त अचूक झाले. हे सगळं एका बाजूला.

दुसऱ्या बाजूला डोळा आहे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातल्या जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा माग काढला आणि त्यांना दिसलं की हालचाल सुरू होण्याच्या आधी कसलेल्या खेळाडूची नजर एका जागी निवांत स्थिरावते. नवख्याची भिरभिरत राहते. २००२ मध्ये मार्क विल्यम्स (हे संशोधक, त्याच नावाचा स्नूकर खेळाडू नव्हे) आणि सहकाऱ्यांनी हेच बिलियर्ड्सच्या टेबलावर तपासलं. कसलेल्यांची शेवटची स्थिर नजर जास्त वेळ टिकत होती. फटका जितका अवघड तितकी ती लांबत होती. आणि खेळायला मिळणारा वेळ मुद्दाम कमी केला तर ती नजर तोकडी पडत होती आणि कसलेले व नवखे दोघेही जास्त चुकत होते.

या दोन बाजू एकमेकींना छेद देतात असं पहिल्यांदा वाटतं. माझ्या मते देत नाहीत. डोळ्याला वेळ हवा असतो. जाच होतो तो डोक्यातल्या बोलण्याचा. अंतर, कोन, बॉलची कड हे सगळं डोळा शब्दांवाचून हाताला कळवतो, आणि त्यासाठी त्याला सेकंद-दोन सेकंद शांतपणे एका जागी राहावं लागतं. काळा चुकवलेल्या त्या पोरानं वेळ कमी घेतला नव्हता. त्यानं भरपूर वेळ घेतला आणि सगळा नजर भिरभिरवण्यात घालवला. म्हणून संथ खेळाडूला ‘लवकर मार’ म्हणून दामटवणं चूक आहे. ज्याची लय संथ आहे त्याला ती संथ लयच धरून ठेवते.

माझ्या पाहण्यात चांगल्या खेळाडूंची शिस्त अशी असते की सगळा विचार उभ्यानं उरकायचा. तो थोडाथोडका नसतो. नाइन-बॉलमध्ये एक नंबरचा बॉल घालताना पांढरा दोनसाठी कुठे थांबायला हवा हे तर ठरवावंच लागतं, पण दोनवरून तीनकडे सोयीनं जाता यावं म्हणून दोनच्या कुठल्या बाजूला थांबायला हवा हेही आधीच बघावं लागतं. आदळताना पांढऱ्याला पुढची-मागची फिरकी नसेल तर तो समोरच्या बॉलच्या वाटेशी काटकोनात निघतो. नुसता घरंगळत येऊन अर्धा-पाऊण भरून लागला तर आपल्या मूळ वाटेपासून साधारण ३० अंशांनी वळतो. खालून मारला तर मागे खेचला जातो. हे सगळं भूमितीचं काम आहे आणि त्याला शब्द, बोटानं केलेल्या खुणा, टेबलाभोवतीची चक्कर, सगळं चालतं. चॉक लावण्याची वेळ ही याच कामाची. कुठला बॉल, कुठलं पॉकेट, पांढरा कुठे, वेग किती, फिरकी किती. वेग ठरल्याशिवाय वाकायचंच नाही, कारण खाली गेल्यावर सगळ्यात आधी डळमळतो तो वेगाचाच निर्णय.

मग फटक्याच्या रेषेत मागे उभं राहायचं, त्याच रेषेत पुढे येऊन वाकायचं. क्यू तीन-चारदा मोकळा हलवायचा आणि ही संख्या साध्या बॉलला आणि सामन्याच्या बॉलला एकच ठेवायची. शेवटी क्यू मागे नेल्यावर क्षणभर थांबा आणि नजर समोरच्या बॉलवर. गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९० च्या दशकापासून दाखवून दिलंय की लक्ष स्वतःच्या अवयवांऐवजी बाहेरच्या परिणामावर ठेवलं तर हालचाल जास्त सफाईदार होते. पूलच्या टेबलावर याचा अर्थ सरळ आहे: लक्ष कोपरावर नको, बॉलच्या ज्या कडेला मारायचंय त्या कडेवर हवं.

आणि वाकल्यावर शंका आली तर? तर उठायचं. हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग आहे आणि शिकवणारे तो सर्वांत कमी शिकवतात. उठायला लाज वाटते, बघणारे काय म्हणतील असं वाटतं, तासाचं मीटर चालू असतं. शंका असताना मारलेल्या फटक्यात हात अर्धा जुना निर्णय पाळतो आणि अर्धा नवा, त्यातून दोन्ही वाया जातात. काही स्पर्धांत फटक्याला ३० सेकंदांची मुदत असते, तिथे हे आणखी कठीण. तरीही मुदतीत उठून पुन्हा वाकणारे खेळाडू मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

टेबलापाशी असताना निदान काहीतरी करायला असतं. खुर्चीत बसल्यावर काहीच नसतं. टेनिसमध्ये समोरच्याचा फटका परतवता तरी येतो. पूलमध्ये समोरचा खेळतोय तोवर तुम्ही सामन्यात आहात आणि नाहीही. अतिविचाराचं खरं पीक खुर्चीतच येतं. २००५ च्या जागतिक स्नूकर स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत ओसलिव्हन पीटर एब्डनविरुद्ध ८-२ असा पुढे होता. एब्डननं खेळ इतका संथ केला की १२ गुणांच्या एका ब्रेकला त्याला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला, म्हणजे ओसलिव्हनच्या त्या १४७ पेक्षाही जास्त. ओसलिव्हन खुर्चीत बसून राहिला आणि सामना १३-११ असा हरला. पुढे २०११ पासून त्यानं स्टीव्ह पीटर्स या मनोविकारतज्ज्ञासोबत काम सुरू केलं आणि २०१२ व २०१३ असं लागोपाठ दोनदा जगज्जेतेपद मिळवलं. बिलियर्ड्सपटू गीत सेठी यांनी ‘सक्सेस व्हर्सेस जॉय’ या नावाचं आख्खं पुस्तक यश आणि खेळण्याचा आनंद यांच्या ओढाताणीवर लिहिलं, ते याच अनुभवाच्या जवळचं आहे. खुर्चीत बसल्यावर मागचा चुकलेला बॉल आणि पुढचा निकाल हे दोनच विषय डोक्यात येतात. टेबलावरचे बॉल वाचत राहणं, समोरचा चुकला तर पहिला फटका कुठला हे ठरवत राहणं, एवढं काम डोक्याला दिलं तरी ते बऱ्यापैकी जागेवर राहतं.

शिकण्याच्या पद्धतीचाही यात वाटा आहे. रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये काही जणांना सूचना देऊन पटिंग शिकवलं आणि काहींना सूचना न देता, वर त्यांना मोठ्यानं वाटेल ती अक्षरं उच्चारत राहायला लावून, म्हणजे नियम मनात रचायला सवडच मिळू नये. ताण आणल्यावर सूचना घेऊन शिकलेल्यांचा खेळ अडखळला, दुसऱ्यांचा नाही. हे वाचल्यावर मला आपल्याकडच्या जुन्या जिमखान्यांतले मार्कर आठवतात. गुण मांडायचे, क्यू हातात द्यायचा, टेबल साफ करायचं, आणि क्लब बंद झाल्यावर कुणाच्या शिकवणीशिवाय खेळायचं. त्यांच्यातले कित्येक जण सभासदांना सहज हरवतील असे खेळत. त्यांचा हात बघून बघून तयार झालेला असे. दडपणाखाली आठवून तपासायला त्यांच्याकडे सूचनांची यादीच नसे.

एक गोष्ट मात्र या सगळ्यातून वेगळी काढायला हवी. १९९० ते १९९९ या काळात सात वेळा जगज्जेता झालेल्या स्टीफन हेंड्रीनं पुढे उघडपणे सांगितलं की फटका मारताना त्याचा हात ऐन वेळी अडतो, क्यू मोकळेपणानं पुढे जातच नाही. खेळाडू याला ‘यिप्स’ म्हणतात. हेंड्री २०१२ मध्ये निवृत्त झाला. गोल्फपटूंवर संशोधन करणाऱ्यांनी यिप्सचे दोन प्रकार मानले आहेत. एक चिंतेतून येणारा, ज्याबद्दल हे सगळं प्रकरण आहे. दुसऱ्यात वर्षानुवर्षं तीच बारीक हालचाल करणाऱ्या स्नायूंवरचा मेंदूचा ताबाच बिघडतो. लिहिणाऱ्यांचा आणि वाद्य वाजवणाऱ्यांचा हात जसा आखडतो तसा. हा दुसरा प्रकार असलेल्या खेळाडूला ‘डोकं शांत ठेव’ असं सांगत राहणं अन्यायाचं आहे. त्याचं डोकं शांत असतानाही, एकट्यानं सराव करतानाही हात अडतो, आणि ओळखण्याची खूण बहुधा हीच. अशा वेळी क्यू धरण्याची पद्धत बदलून बघावी, आणि त्याआधी मेंदू व मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना हात दाखवावा.